सहा नंबरचा खटका

चिंतामण मास्तरांच्या घरी रेडिओ येऊन दीड वर्ष झालं होतं आणि या दीड वर्षात मास्तरांनी त्यावरचा एकही कार्यक्रम धड ऐकला नव्हता. रेडिओ चांगला होता. घरची माणसं त्याच्यासमोर सतरंजीवर बसून बातम्या ऐकत, कीर्तन ऐकत, सरकीचे भावसुद्धा ऐकत. मास्तर मात्र रेडिओच्या बाजूला स्टुलावर बसत. उजवा हात एका लोखंडी डब्याच्या खटक्यावर आणि नजर छताला लोंबणाऱ्या दिव्यावर. दिवा पिवळा झाला की खटका एक घर पुढे, पांढरा झाला की एक घर मागे. कार्यक्रम संपल्यावर त्यांची बायको तारा विचारायची, "काय हो, कसं वाटलं कीर्तन?" आणि मास्तर डोळे चोळत म्हणायचे, "मध्ये जरा उतरला होता, मग सावरला."

यात दोष तसा कोणाचाच नव्हता. सन सत्तावनची गोष्ट. अमरावतीच्या बुधवाऱ्यात वीज घरोघर आली होती, पण संध्याकाळची वीज शाळेतून परतणाऱ्या मास्तरांसारखीच पाय ओढत यायची. गल्लीच्या तोंडाशी चंद्रभानची पीठगिरणी होती. तिचा पट्टा फिरू लागला की सगळ्या गल्लीतले दिवे वातीएवढे व्हायचे, आणि गिरणी थांबली की तेच दिवे एकदम डोळे वटारायचे. गिरणी चालू असताना रेडिओ नुसता कुजबुजायचा. म्हणून त्याच्या सोबतीला हा डबा आला होता.

रेडिओ मास्तरांना अकोल्याच्या मेव्हण्याकडून मिळाला होता. जुना होता, पण मेकॅनिकसकट मिळाला होता. मेकॅनिकचं नाव खुशालराव. अकोल्यातच ताजनापेठेत त्याचं हातभर दुकान होतं आणि त्यात तो पोट उघडलेल्या रेडिओंच्या मधोमध बसलेला असे. डबा त्यानेच बांधून दिला होता आणि देताना चार शब्द सांगितले होते.

"मास्तर, हा ट्रान्सफार्मर. एक ते सहा नंबर. वीज कमी आली का हा वाढवून देते. तीन-चारवर ठेवजा, रेडिओ तुमच्या नातवाच्या लग्नात वाजंन. पाचवर आवाज खणखणीत येते, पन आतल्या काचेच्या व्हॉल्व्हचं आयुष्य खाते. अन् सहा..." खुशालरावानं जरा विचार केला. "सहा नंबर मी काहून ठेवला मलेच समजून नाही राहिलं. डब्यात जागा होती म्हनून ठेवला."

"आणि दिव्यावर नजर ठेवायची ती कशासाठी?"

"तुमी सहावर असान अन् तेवढ्यात गिरणी थांबली, तर वीज पयलेच पुरी अन् वरून डब्यानं वाढवलेली. मंग व्हॉल्व्ह खुश होते. लय मोठ्यानं गाते, अन् मरते."

मास्तर गणित शिकवत. कोणत्याही प्रश्नाची उलट बाजू तपासून पाहायची त्यांना सवय होती. "कमी विजेनं मरत नाही का?" त्यांनी विचारलं.

"कमी विजेनं कुथते. कुथनारा लवकर मरत नाही, मास्तर. तुमाले तर अनुभव हाये."

मास्तरांना हे फार पटलं. नोकरीची सत्तावीस वर्षं ते स्वतः तीन नंबरवरच चालत आले होते. वरिष्ठांशी मोठ्यानं बोलले नव्हते, बढतीसाठी अर्ज केला नव्हता, सायकल कधी उतारावरसुद्धा जोरात सोडली नव्हती. त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नव्हतं. काही घडलंही नव्हतं, पण त्याची तक्रार करायला लागणारी वीज त्यांच्याजवळ नव्हती.

असं सगळं तीन-चारवर चाललेलं असताना ऑक्टोबरात कुंदाच्या नावानं पत्र आलं. कुंदा ही मास्तरांची सतरा वर्षांची एकुलती एक मुलगी. उन्हाळ्यात ती मामाकडे नागपूरला गेली होती, तेव्हा तिथल्या रेडिओ केंद्रात आवाजाची परीक्षा देऊन आली होती. पत्रात लिहिलं होतं की सोळा नोव्हेंबरला, शनिवारी, संध्याकाळी सव्वासात वाजता तिची दहा मिनिटं भावगीतं होतील.

मास्तरांनी ते पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि मग देवाजवळ ठेवलं. त्यांच्या घराण्यात आजवर कोणाचा आवाज गावाच्या वेशीबाहेर गेला नव्हता. मास्तरांचा स्वतःचा तर वर्गात चौथ्या बाकापलीकडे जात नसे. आता पोरीचा आवाज नागपुरातून निघून, तिवसा, मोझरी ओलांडून थेट आपल्या घरात येणार, या विचारानं त्यांना आनंद झाला. तो त्यांनी बोलूनही दाखवला. "ही दहा मिनिटं मी ऐकीन," ते ताराला म्हणाले. "रेडिओ आल्यापासून काही ऐकलं नाही. हे मात्र ऐकीन."

त्याच आठवड्यात रेडिओ खरखर करू लागला.

मास्तरांनी एक दिवसाची रजा काढली, रेडिओ धोतरात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसले. मूर्तिजापूरपर्यंत शेजारचा माणूस त्यांना विचारत होता, "लेकरू आजारी हाये का?" आणि मास्तर मान हलवून "हो" म्हणत होते. एवढं समजावून सांगायची त्यांची ताकद नव्हती.

खुशालरावानं रेडिओची मागची फळी काढली, आत फुंकर मारली, एका मोठ्या व्हॉल्व्हवर बोटानं टिचकी मारली आणि आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या वैद्यासारखी मान हलवली.

"हा आवाजाचा व्हॉल्व्ह थकला. नवा मुंबईहून येईन, पन महिना लागंन."

"तोपर्यंत हा किती जगेल?"

"रोज लावान तर आठ दिवस. लावलाच नाही तर शंभर वर्षं."

"मला सोळा तारखेला फक्त दहा मिनिटं पाहिजेत."

"मंग तोवर झोपू द्या त्याले. अन् त्या दिवशी चारवर लावा. लयच झालं तर पाच. मास्तर, सहाले हात लावू नका. थकलेल्या जिवाले सहावर चढवलं का तो गेलाच समजा."

मास्तर रेडिओ परत मांडीवर घेऊन आले. त्यांनी तो टेबलावर ठेवला, त्यावर जुनी दुलई पांघरली आणि घरात जाहीर केलं की सोळा तारखेपर्यंत याला कोणीही हात लावायचा नाही. शेजारच्या मनकर्णाबाई रोज संध्याकाळी कीर्तनाला यायच्या. त्या दुलईसमोर बसून वाती वळू लागल्या. बसायची सवय झाली आहे म्हणाल्या.

रेडिओची व्यवस्था लागली. आता राहिली कुंदा.

मास्तरांनी हिशेब केला तो असा. सव्वासातला चंद्रभानची गिरणी जोरात चालू असते. त्या वेळी वीज निम्म्यावर येते. रेडिओ चारवर ठेवला तर आवाज अर्धाच येणार. म्हणजे आपल्या घरात पुरा आवाज हवा असेल तर नागपुराहूनच तो दुप्पट निघाला पाहिजे. त्यांनी कुंदाला बोलावलं.

"कुंदे, तुला वरच्या पट्टीत म्हणावं लागेल. दोन पट्ट्या तरी वर."

"बाबा, असं नसतं काही. तिथे माईक असतो."

"माईकला काय माहीत आपल्या गल्लीत चंद्रभानची गिरणी आहे?"

"पण आमच्या गाण्याच्या बाईंनी सांगितलंय, तुझा आवाज खालच्या पट्टीतच गोड लागतो म्हणून."

"बाईंच्या घरी वीज पूर्ण येते," मास्तर म्हणाले. "त्यांना काय जातं सांगायला."

कुंदा भांडणारी मुलगी नव्हती. ती मास्तरांचीच मुलगी होती. दुसऱ्या दिवसापासून तिचा वरच्या पट्टीतला रियाज सुरू झाला. सकाळी एक तास, कॉलेजातून आल्यावर दोन तास. मास्तर गल्लीच्या टोकाला, गिरणीच्या ओट्यावर जाऊन उभे राहायचे आणि पट्ट्याच्या आवाजातूनही पोरीचा आवाज ऐकू येतो का ते पाहायचे. आला नाही तर परत येऊन म्हणायचे, "थोडं अजून." आठ दिवसांनी तो तिथवर येऊ लागला. तेव्हा मास्तर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहू लागले.

"अहो, रेडिओवर दुलई घातली तुम्ही," तारा एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली. "एखादी पोरीवरही घाला."

"तिला काय झालं? तरुण आहे ती," मास्तर म्हणाले.

बातमी गल्लीभर झाली होती. पुंजाजी रोज चौकशी करायचा. हा समोर राहायचा. भातकुलीकडे त्याची शेती होती. ती भाऊ पाहायचा आणि पुंजाजी गल्ली पाहायचा. "मास्तर, आमी समदे येतो ऐकाले," त्यानं सांगून टाकलं. "आपल्या गल्लीची पोट्टी रेडिओवर गाऊन राहिली, हे काई रोज होते काय?"

पाहता पाहता वीस-पंचवीस माणसं यायची ठरली. त्यामुळे पुढचा पेच उभा राहिला. कुंदाला नागपूरला कोण घेऊन जाणार? खरं तर मास्तरांनीच जायचं होतं. रेडिओ केंद्राच्या बाहेरच्या खोलीत बसून पोरीचं गाणं जवळून ऐकता आलं असतं. पण मग खटक्यावर कोण बसणार? ताराला दिव्याचा रंग ओळखता येत नव्हता. पुंजाजी म्हणाला, "मी फिरवतो ना, त्यात काय हाये?" तेव्हाच मास्तरांनी ठरवलं की आपण घर सोडायचं नाही. तारा आणि कुंदा शुक्रवारी सकाळच्या बसनं नागपूरला गेल्या. बसमध्ये चढताना कुंदानं "येते, बाबा" म्हटलं ते मास्तरांना नीट ऐकू आलं नाही. स्टँडवर गलका फार, असं त्यांना वाटलं.

शनिवारी संध्याकाळी सहापासूनच माणसं जमू लागली. सतरंजी भरली, ओसरी भरली, बायका स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बसल्या. मनकर्णाबाईंनी रेडिओला हळदकुंकू लावलं आणि व्हॉल्व्हच्या दिशेनं हात जोडले. मास्तरांनी सात वाजता दुलई काढली, खटका चारवर ठेवला आणि रेडिओ लावला. आत हळूहळू तांबूस उजेड आला. पाच मिनिटांनी कुठल्याशा खोल विहिरीतून एक माणूस रब्बीच्या पेरणीबद्दल बोलू लागला.

"काई ऐकू नाई येऊन राहिलं," ओसरीवरून कोणी तरी म्हणालं.

मास्तरांनी दिव्याकडे पाहिलं. दिवा लाल होता. गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. त्यांनी खटका पाचवर नेला. माणूस विहिरीतून अर्धा वर आला.

"मास्तर, मांगं काईच येत नाई," पुंजाजी दारातून म्हणाला. "गिरणी लय वीज खाते. ते आमचे दिवेबी खातेत. थांबा, मी पायतो." आणि तो बाहेर गेला. तो काय पाहणार आहे हे विचारायचं मास्तरांना सुचलं नाही. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. सात वाजून बारा मिनिटं झाली होती.

तेराव्या मिनिटाला मास्तरांनी खुशालरावाची मनातल्या मनात क्षमा मागितली. पोरीचा आवाज ओसरीपर्यंत पोचला नाही तर इतकी माणसं बोलावून उपयोग काय? आणि दिवा तर लालच आहे. दिवा लाल असताना सहावर भीती नसते, हे त्यांना गणितानं माहीत होतं. दिवा पांढरा झाला की लगेच मागे आणू, एवढंच सांभाळायचं. दीड वर्षाची सवय होती. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा चिंतामण मास्तरांनी एखादी गोष्ट सहावर नेली. रेडिओ स्वच्छ बोलू लागला. ओसरीवरून "हाव, आता आलं" असा आवाज उठला. मास्तरांना बरं वाटलं.

तेवढ्यात अंधार झाला.

"मीनंच बंद केला दिवा," मनकर्णाबाई बटणाजवळून म्हणाल्या. "तोबी तर वीज खाते, ना मास्तर? रेडिओच्या तोंडचा घास कायले काढा? कंदील आनला मी."

"अहो, मला दिवा दिसायला पाहिजे," मास्तर म्हणाले.

"आता कुंदाले ऐकाचं, का दिव्याले पाहाचं?"

तोवर बाहेर गल्लीतला एकेक दिवा विझत गेला. पुंजाजी दारोदार सांगत फिरत होता की मास्तरच्या पोरीचं गाणं हाये, दहा मिनिटं वीज कोनी खाऊ नका. बुधवाऱ्यातली माणसं एरवी एकमेकांचं ऐकत नाहीत, पण त्या संध्याकाळी सगळ्यांनी ऐकलं. शेवटी तो चंद्रभानकडे गेला, आणि चंद्रभानही भला माणूस निघाला. अर्ध्या दळणात त्यानं पट्टा उतरवला.

पट्ट्याची फटफट थांबलेली मास्तरांनी ऐकली. त्याच क्षणी रेडिओनं असा आवाज काढला, जो त्या घरात कधी निघाला नव्हता. गल्लीनं आपल्या तोंडचा घास काढून दिलेली सगळी वीज एकट्या रेडिओला मिळाली होती, आणि ती डबा आणखी वाढवून देत होता. "आता ऐकू या भावगीतं," रेडिओवरच्या निवेदिका बाई कडाडल्या, आणि सगळी खोली "वा" म्हणाली. मास्तरांनी अंधारात खटक्याकडे हात टाकला. हाताला लागलं ते आवाजाचं बटण. ते त्यांनी उलटं फिरवलं. आवाज कमी झाला. वाचलो, असं त्यांना वाटलं. आवाज कमी झाला म्हणजे वीज कमी झाली नाही, हे कळायला तीन-चार सेकंद लागले, आणि तेवढे व्हॉल्व्हजवळ नव्हते.

"गायिका आहेत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. मग आत फट् असं वाजलं आणि तांबूस उजेड गेला.

"कुंदा," सगळ्यांनी मिळून वाक्य पूर्ण केलं.

 कंदिलाच्या उजेडात रेडिओच्या मागून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि जळक्या मेणाचा वास सुटला. मास्तर खटक्यावर हात ठेवून तसेच बसले होते. खटका अजून सहावरच होता. गिरणीवरून परत येऊन आत शिरलेला पुंजाजी हे पाहून चौकातल्या हॉटेलाकडे धावला, कारण तिथे रेडिओ होता. पण तो पायतण शोधून, गर्दीतून वाट काढून पोचेपर्यंत तिथे भावगीतं संपून बातम्या लागल्या होत्या. इकडे डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा झालेला चंद्रभान दारात आला.

"आला ना आवाज?" त्यानं उत्साहानं विचारलं. "मी गिरणीच बंद केली, मास्तर. म्हटलं, लोकायची ज्वारी पडू दे, पन पोरीचं गानं झालं पायजे."

"चंद्रभान," मास्तर म्हणाले, "तुझे फार उपकार झाले." आणि हे ते मनापासून म्हणाले. रागवायला लागणारी वीज त्यांच्याजवळ तेव्हाही नव्हती.

प्रश्न होता उद्याचा. रविवारी दुपारी कुंदा येणार, आणि आल्या आल्या विचारणार. मनकर्णाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "आता त्या लेकराले काय सांगाचं? का आमी तुहं गानं जाळलं?"

"सांगाचंच नाई," पुंजाजी म्हणाला. "लय चांगलं झालं म्हनाचं. चांगलं तर झालंच असंन ना? मंग ते काई खोटं नाई होत."

मास्तरांनी उलट बाजू तपासून पाहिली. खोटं बोलणं वाईट. पण त्या पोरीनं महिनाभर दोन पट्ट्या वर घसा ताणला, तो कोणासाठी? तिला जर कळलं की एक अक्षर इथे पोचलं नाही, आणि तेही बापाच्या हातून, तर तिला काय वाटेल? त्यांना स्वतःलाच इतकं वाईट वाटत होतं की त्यात आणखी कोणाचं मिळवायची त्यांची तयारी नव्हती. "एकूण दोन गाणी होती," ते हळूच म्हणाले. "पहिलं समईचं. दुसरं पाखराचं."

"समईचं जास्त चांगलं झालं," चंद्रभाननं ठरवून टाकलं.

रविवारी दुपारी तारा आणि कुंदा टांग्यातून उतरल्या तेव्हा अर्धी गल्ली दारात उभी होती. कुंदाच्या गळ्याला ताराची शाल गुंडाळलेली होती. तिनं सगळ्यांकडे पाहून तोंड उघडलं, पण त्यातून नुसती हवा आली.

"घसा बसला तिचा," तारा म्हणाली. "डॉक्टरांनी आठ दिवस बोलू नको म्हटलंय. अहो, काय झालं माहीत आहे का, काल..."

"बसनारच ना घसा," पुंजाजीनं तिचं वाक्य अर्ध्यावरच उचललं. "असं गायल्यावर बसनार नाई तर काय? पोरी, काय गायलीस तू. ओसरीपावतर आवाज."

"समईचं तर लय भारी," चंद्रभान म्हणाला. "मी गिरणी बंद करून आयकलं."

"माह्या डोळ्याले पानी आलं, बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

तारानं एकदा पुंजाजीकडे, एकदा चंद्रभानकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. ती काही बोलणार होती, पण कुंदानं तिचा हात घट्ट दाबला. कुंदा सगळ्यांच्या पाया पडली. मनकर्णाबाईंनी तिची दृष्ट काढली. शेवटी एकेक जण आपापल्या घरी गेला आणि तारा हळद घालून दूध गरम करायला आत गेली.

खोलीत बापलेक दोघंच उरली. मास्तर स्टुलावर बसले होते. दुसरीकडे कुठे बसायची त्यांना सवयच नव्हती.

"छान झालं हो गाणं," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "समईचं विशेष."

कुंदानं रेडिओवर पुन्हा पांघरलेली दुलई एका कोपऱ्यातून उचलली, वाकून वास घेतला आणि दुलई परत नीट घातली. मग कोनाड्यातली शिकवणीच्या मुलांची पाटी घेतली आणि लिहिलं: कोणता व्हॉल्व्ह गेला?

मास्तरांनी पाटीकडे पाहिलं आणि त्यांना एकदम थकल्यासारखं वाटलं. पण ते थकणं बरं होतं, ओझं खाली ठेवल्यानंतरचं. "मोठा," ते म्हणाले. "आवाजाचा. तुझं नाव सांगायच्या आधीच गेला. काहीच ऐकलं नाही आम्ही, कुंदे. मी तुझं गाणं ऐकलं नाही."

कुंदानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. या वेळी तिला जरा वेळ लागला. पाटीवर होतं: गायलेच नाही. घसा गुरुवारीच धरला होता. नागपूरला पूर्ण गेला. माझ्या जागी दुसरी मुलगी गायली.

मास्तरांनी ते वाचलं. गिरणीच्या ओट्यावर उभं राहून आपण महिनाभर म्हटलेलं "थोडं अजून" त्यांच्या कानात वाजू लागलं. स्टँडवर गलका नव्हता, हेही आता त्यांच्या लक्षात आलं. त्यांना पोरीकडे पाहवेना, म्हणून त्यांनी सवयीनं दिव्याकडे पाहिलं. दुपारची वेळ होती, दिवा बंद होता.

कुंदा त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसली. तिनं लोखंडी डब्याकडे बोट दाखवलं आणि लिहिलं: किती नंबरवर होता?

"सहावर," मास्तर म्हणाले.

कुंदानं पदरानं पाटी पुसली, त्यावर एकच शब्द लिहिला आणि पाटी बापाच्या मांडीवर ठेवली.

मीसुद्धा.